बापाचा डावा हात

सातोएच्या पाठवणीच्या दिवशी सकाळीच आमचे हे शिडीवरून पडले. लेकीच्या सासरी हाकोदातेला आपल्या बागेतली सफरचंदं जायला हवीत, हा त्यांचाच हट्ट.

मी धावत गेले, तर डावं मनगट धरून बसलेले. ओठ पांढरे पडलेले.

"अहो, डॉक्टरांना बोलावते."

"गप्प बस. पाहुणे येतील आता. कुणाला सांगायचं नाही."

आमच्याकडे याला 'कोराएरु' म्हणतात. कळ दाबली तरी तेच, रडू गिळलं तरी तेच. यांना दोन्ही जमायचं.

हात किमोनोच्या बाहीत लपवून ते पाहुण्यांत बसले. कपाळावर घाम. व्याह्यांचा भाऊ हसला, "तोकुझोसान, पोरगी निघाली तर घाम फुटला होय?" हेही हसले.

मग सातोए समोर आली. चटईवर दोन्ही हात टेकून वाकली. "बाबा, इतकी वर्षं सांभाळलंत मला."

यांनी एकच हात टेकला, जेमतेम मान लववली. म्हणाले, "हं."

गाडी बंदराकडे वळली, तेव्हा त्यांनी हात बाहेर काढला. टम्म सुजला होता.

डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, हाड बसवलं, प्लास्टर घातलं. यांनी हूं की चूं केलं नाही. सगळं झालं आणि हे एकदम मोठ्यानं रडायला लागले. लग्नाला तीस वर्षं होत आली, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर घाबरले. "अजून दुखतंय? आणखी एक इंजेक्शन देऊ का?"

"राहू द्या डॉक्टर," मी म्हटलं. "दुखू दे त्यांना."

नव्या वर्षाला सातोए आली. वाकडंच जुळलेलं मनगट दिसलं तशी तिनं सगळं माझ्याकडून काढून घेतलं आणि बापावर उखडली.

"एका हातानं निरोप दिलात मला! वाटलं, बाबा रागावलेत. बोटीवर रडत गेले मी. सासूबाईंना वाटलं, हिला आमचं घरच पसंत नाही!"

हे कितीतरी वेळ शेगडीतली राख सारखी करत राहिले. मग हळूच म्हणाले, "फार दुखत होतं गं."

"मग म्हणायचं ना तेव्हाच!"

"आता म्हणतोय ना."

ती त्यांच्याजवळ सरकली, मनगट हातात घेऊन चोळत बसली. मी चहा ठेवायला उठले.