अप्पांचं गाणं कुणाच्या घरी

अप्पा धाकटीकडून परतले की दोन दिवस गुणगुणत असत, आणि त्या दोन दिवसांत थोरलीच्या शिलाई मशीनची सुई हमखास मोडे.

अप्पा राहायला थोरल्या मुलीकडे होते. त्यांचा उभा जन्म छापखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात गेला होता. आई गेल्यावर थोरलीने त्यांना आपल्याकडे आणलं. गोळ्या, पथ्यपाणी, हरवलेला चष्मा शोधणं, सगळं तिच्या गळ्यात. पडदे शिवायचं काम घरातच चाले, त्यामुळे ती सदा हाताशी. धाकटी शाळेत खेळ शिकवायची. अप्पा तिच्याकडे फक्त शनिवार-रविवार जात आणि नुसते उजळून परत येत.

"काय तो डबा आणलाय तिने!" ते सांगत. "घरच्या इंटरनेटला जोडलाय. मोबाइलवर गाण्याचं नाव टाकायचं, की सगळं घर गायला लागतं. पार न्हाणीघरात ऐकू येतं!"

"माझ्याकडे रेडिओ आहे की," थोरली म्हणाली.

"आहे ना," अप्पा म्हणाले. ते 'आहे ना' तिला दिवसभर बोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती तडक दुकानात गेली. दुकानदाराने विचारलं, "ऐकणार कोण?"

"वडील."

"मग हा प्लेयर घ्या. खिशात मावतो. गाणी आतच भरून देतो, इंटरनेटची भानगड नको. फिरायला जातात का?"

"रोज. बागेत."

"मग प्रश्नच मिटला."

प्लेयर छान होता, हलका, साबणाच्या वडीएवढा. थोरलीने पर्स उघडलीसुद्धा. पण तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे आलं: शनिवारी अप्पा हाच खिशात घालून धाकटीच्या सोफ्यावर आरामात बसलेत. म्हणजे आपण आणलेलं गाणंही तिच्याचकडे वाजणार!

"आणि तो दुसरा?"

"हा स्ट्रीमर. याला घरचं वाय-फाय लागतं, स्पीकर लागतात. हा एका जागी बसतो, सोबत नेता येत नाही."

"हाच द्या. बहिणीकडे आहे त्याच्यापेक्षा मोठा."

"बाई, यात मोठा-लहान असं काही..."

"मोठा द्या."

स्ट्रीमर आला. अप्पांच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना स्पीकर लागले. अप्पांनी ऐकलं, "वा" म्हणाले. थोरली मशीन थांबवून ते गुणगुणतात का याची वाट बघत बसली. ते गुणगुणले नाहीत. शनिवारी सकाळी पिशवी घेऊन निघाले मात्र वेळेवर.

ती त्यांची खोली झाडायला गेली, तर स्ट्रीमरची फळी रिकामी आणि तारा लोंबत होत्या. इतक्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, अप्पा तुझा डबा पिशवीत घालून घेऊन आलेत! इथल्या वाय-फायवर चालेना, म्हणून हिरमुसून बसलेत. येतेस?"

थोरली तणतणतच गेली. दार उघडंच होतं. आत अप्पा शेजारच्या गृहस्थांना डबा दाखवत होते, "थोरलीने आणलाय. याच्यापुढे धाकटीचा म्हणजे खेळणं!" आणि स्वयंपाकघरात धाकटी भांडी आदळत होती. कशासाठी आदळतात तशी भांडी, हे थोरलीला चांगलं ठाऊक होतं. तिला आतून गुदगुल्या झाल्या.

शेजारचे गृहस्थ गेले तशी धाकटी बाहेर आली. "दर शनिवारी हेच! ताईच्या हातचं जेवण असं, ताई घर ठेवते तसं. मी घरभर स्पीकर लावले, तरी इथे बसून तुझेच गोडवे!"

"आणि माझ्याकडे तुझे," थोरली म्हणाली.

दोघी एकदमच अप्पांकडे वळल्या. अप्पांनी डबा मांडीवर घेतला.

"चिडणार नसाल तर सांगतो. मला खिशात घालून बागेत नेता येईल असं काहीतरी हवं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या हौसेने आणता. पण गाणं लागलं की दोघीही माझ्या तोंडाकडे बघत बसता, आवडलं का, आवडलं का. मग मला आवडल्यासारखं तोंड करून बसावं लागतं. बागेत कुणी बघत नाही."

थोरलीचा चेहरा उतरला. धाकटीचाही उतरलेला पाहून तिला जरा धीर आला. संध्याकाळी दोघी मिळून दुकानात गेल्या. डबा परत देऊन प्लेयर आणला. पिशवी कोण धरणार यावरून वाटेत थोडी ओढाओढ झालीच.

पुढच्या आठवड्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, परवा अप्पा दिवसभर प्लेयरचे इअरफोन कानात घालून गॅलरीत बसले होते. हाक मारली तर नुसता हात हलवतात. तुझ्याशी तरी बोलतात का?"

थोरलीने खोलीत डोकावलं. अप्पा डोळे मिटून पडले होते, बोटं मांडीवर ताल धरत होती, आणि ते गुणगुणत होते.

"छे. माझ्याशीही नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग बरं," धाकटी म्हणाली.

फोन ठेवल्यावर थोरलीलाही, अगदी मनापासून, बरं वाटलं.