डोक्यावर रुमाल

"मामा, यंदा नका येऊ," भाचा फोनवर म्हणाला. "बाळ पंधरा दिवसांचं आहे. हिच्या माहेरचेही आलेत. तुमचं कामच तसं..."

"अरे, गाडी घेऊन येतोय का मी? दोनदा आंघोळ करून येतो की."

"समजून घ्या ना मामा."

समजलं. याला मी खांद्यावर बसवून शाळेत सोडलाय.

मी शववाहिनी चालवतो. एकवीस वर्षं झाली. लोक मला यम म्हणतात, तोंडावर. टपरीवर बाकावर टेकलो की शेजारचा सरकतो. लग्न जमलं नाही ते नाहीच.

ताई मात्र दर भाऊबीजेला पाटावर बसवायची आणि तीच गोष्ट सांगायची. यमाला कोण घरी बोलावणार? त्याची बहीण यमुना तेवढी बोलवायची, आणि हा म्हणायचा, वेळ नाही. शेवटी एकदा गेला. तिनं न्हाऊ घातलं, ओवाळलं, पोटभर वाढलं. खूश होऊन म्हणाला, माग काय ते. ती म्हणाली, दरवर्षी ये, बास.

"त्या दिवशी यमालासुद्धा सुट्टी असते," ताई म्हणायची. "तूही टाकत जा."

"यमाला साहेब नाही गं. मला आहे."

ती हसायची आणि आणखी वाढायची.

यंदा रजा दोन महिने आधीच मंजूर करून घेतलेली. घरात बसून काय भिंती बघू? गेलोच. पिशवीत ताईला साडी, बाळाला झबलं. तिच्या घरासमोर, बंद दुकानाच्या कडेला उभा राहिलो. वर जायचं नाही, असं स्वतःला दहादा बजावलं.

दिवेलागणीला ताई गॅलरीत आली. हातात ताट. किती वाळली होती! आत माणसं हसत होती, बाळ रडत होतं. तिनं इमारतींच्या फटीत बघितलं. तिथे नखाएवढा चंद्र होता. जिला भाऊ नाही, तिनं त्या दिवशी चंद्राला ओवाळायचं असतं.

हाक घशाशी आली होती. मारली असती तर ताई तशीच जिना उतरून आली असती. पण नंतर त्या घरात तिलाच राहायचं होतं. गिळली.

तिनं निरांजन वर केलं.

ओवाळून घेताना डोकं उघडं ठेवू नये, हे लहानपणी तिनंच शिकवलेलं. मी खिशातला रुमाल काढला, डोक्यावर टाकला, आणि तिचा हात थांबेपर्यंत ताठ उभा राहिलो.