कॅसियनचं हवामान

बुधवारी सकाळी रेडिओवर अंदाज आला. गुरुवार दुपारपासून वायव्येकडून वादळ, तीन दिवसांत दीड मीटर बर्फ, माथ्यावर त्याहूनही जास्त. नऊच्या आत आमच्या गांपेन वस्तीतल्या वरच्या चार घरांच्या दारांवर कागद लागले: गुरुवारी बारापर्यंत घरं रिकामी करा. खाली सही कॅसियनची. आमच्या खोऱ्याच्या हिमस्खलन समितीचा तो प्रमुख.

त्या चारांतलं सगळ्यात उंचावरचं घर माझ्या आत्याचं, क्रेसेंझचं. रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी मी चालवतो, म्हणून तिला खाली आणायचं काम माझ्याकडे आलं. गुरुवारी सकाळी पोचलो तर ती निवांत बटाटे सोलत बसली होती.

"आत्या, अजून काहीच आवरलं नाहीस?"

"कशाला? आभाळ बघ." आभाळ खरंच स्वच्छ होतं.

"अगं, रेडिओवर सांगतायत..."

"रेडिओ अख्ख्या टिरोल प्रांताचं सांगतो. माझं घर रिकामं करा, हे कॅसियन सांगतो. हे त्याचं स्वतःचं हवामान आहे, वेंडल."

गेल्या हिवाळ्यात तिला दोनदा खाली नेलं होतं आणि दोन्ही वेळा वर काहीच कोसळलं नव्हतं. वसंतात धोक्याचा नवा नकाशा निघणार होता. लाल पट्ट्यात गेलेल्या घराला नवं छप्परसुद्धा घालता येत नाही. आत्याचा हिशोब सरळ होता: घर जितक्यांदा रिकामं झालं, तितका लाल रंग पक्का. शिवाय दुसऱ्या खेपेला, फेब्रुवारीत, ती परतली तेव्हा झाडून ठेवलेल्या चुलीत ताजी राख होती. कोणीतरी आत येऊन बसून गेलं होतं.

"त्याला माझं घर हवंय," ती म्हणाली. "का ते शोधून काढीन. चल, तुला एक दाखवते."

ती मला घराजवळच्या छोट्या चॅपेलमागं, बर्फ मोजायच्या काठीपाशी घेऊन गेली. काठीवर बर्फ एकशे दहा सेंटीमीटर. खिशातून तिनं दारावरचा कागद काढला. त्यात लिहिलं होतं एकशे साठ.

"आता बोल."

पन्नास सेंटीमीटरची चूक कॅसियन करत नाही. मग हे मुद्दाम? मी काठीचा फोटो काढला आणि आम्ही दोघं तडक खाली अग्निशमन केंद्रात गेलो; समितीचं काम तिथूनच चालतं.

कॅसियन टेबलावर नकाशा पसरून उभा होता. आत्यानं कागद त्याच्यासमोर आपटला.

"लबाडी करायची तर काठी तरी उपटून टाकायचीस!"

"चॅपेलपाशी वारा बर्फ टिकू देत नाही, क्रेसेंझ," तो शांतपणे म्हणाला. "तिथला उडालेला बर्फ तुझ्या घरावरच्या उतारावर जाऊन साठतो. एकशे साठ हा वरच्या खिंडीतल्या यंत्राचा आकडा आहे."

"यंत्र मी पाहिलेलं नाही. राख पाहिलीय. गेल्या फेब्रुवारीत माझ्या घरात कोण होतं?"

कॅसियनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यानं नकाशाची घडी घातली, पुन्हा उलगडली. तेव्हा पहिल्यांदा मला मनापासून वाटलं, आत्याचं बरोबर आहे. हा माणूस काहीतरी लपवतोय.

"मी होतो," तो म्हणाला.

"ऐकलंस, वेंडल?"

"वेंडलला विचार ना मी का गेलो. वर राहिलेल्या तुझ्या शेळ्यांना चारा घालायचं काम त्याचं होतं. त्याची गाडी दोन दिवस पुलापाशी अडकली होती. शेळ्या ओरडत होत्या, खाली माझ्या अंगणात ऐकू येत होतं. गेलो. परत निघालो तर समोरचं दिसेना. पाच तास तुझ्या स्वयंपाकघरात बसलो, थंडीनं हात वळेनात म्हणून चूल पेटवली. ज्या उताराखालून तुम्हाला हाकललं त्याच्याच खाली बसून वर काही हलतंय का ऐकत होतो. समितीला कळलं असतं तर मला काढलंच असतं. म्हणून बोललो नाही."

आत्या हळूच माझ्याकडे वळली. शेळ्यांना तूच चारा घातलास ना, असं तिनं तेव्हा विचारलं होतं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा गव्हाण भरलेली होती, आणि मी नुसती मान हलवली होती. त्याबद्दल तिनं मला लोकरीचे मोजे विणून दिले होते. ते त्या क्षणीही माझ्या पायांत होते.

"गवत कुठलं घातलंस?" तिनं त्याला विचारलं.

"डावीकडच्या कोपऱ्यातलं."

"दुसऱ्या कापणीचं. मार्चसाठी राखलेलं. ते कमी दिसत होतं, तर महिनाभर मला वाटत होतं, माझीच नजर गेली." ती दाराकडे निघाली. "या खेपेला शेळ्या खाली येतील. तुझ्या गोठ्यात. आणि वेंडलनं त्यांच्या जवळपास फिरकायचं नाही."

साडेअकराला आम्ही सहा शेळ्या गाडीत चढवल्या. बाराला पहिले कण पडू लागले, दोनला चर्चचा मनोराही दिसेना.

शनिवारी दुपारी वरून मोठा धडाका ऐकू आला आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. सोमवारी रस्ता उघडून आत्याला घेऊन वर गेलो. हिमलोट वरच्या उतारावरून येऊन आत्याच्या घरावर आदळला होता. छप्पर जागेवर होतं, पण डोंगराकडची भिंत आत आली होती आणि स्वयंपाकघरात छातीएवढा घट्ट बर्फ भरला होता. आत्यानं खिडकीतून आत डोकावलं.

"टेबल दिसत नाहीय," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात कॅसियननं समितीला फेब्रुवारीचं सगळं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी त्याला प्रमुखपदावरून काढलं. हे कळल्यावर आत्या काठी टेकत सरपंचाच्या दारात गेली. मला गाडी घेऊन मागं जावं लागलं, म्हणून तिचं बोलणं कानावर पडलं.

"त्याच्यावर नजर कशी ठेवायची ते कळायला मला तीस वर्षं लागली," ती म्हणत होती. "आता नवा माणूस आणलात तर माझ्या आयुष्यात तेवढी वर्षं उरलेली नाहीत."

सरपंचानं ठरवायला अख्खा उन्हाळा घेतला. ऑक्टोबरात कॅसियन पुन्हा प्रमुख झाला. आत्या तोवर खाली माझ्याच घरी राहायला आली होती, आणि शेळ्यांना चारा रोज स्वतः घालत होती.