गटार की राजकन्या

शहरातल्या जुन्या बागा आणि दुतर्फा झाडांचे रुंद रस्ते दर रविवारी सकाळी सायकलवरून दाखवायचं काम सायकलवाले काका गेली अकरा वर्षं करत होते, आणि या अकरा वर्षांत त्यांनी खऱ्या इतिहासाला चुकूनही हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, असे संस्कार असतील घरचे.

काकांचं सायकलचं दुकान होतं. डगमगत्या चाकाचा आउट काढावा, चेन बसवावी, ब्रेक आवळावेत तर त्यांनीच. पण पुस्तक उघडल्याचा आळ त्यांच्यावर कुणी घेतला नसता. आणि काकू? काकूंची सगळी नोकरी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात गेलेली. शहरातला एकेक जुना नकाशा, एकेक ठराव त्यांच्या हाताखालून गेलेला. जोड्या म्हणे वर जमतात. ही जोडी जमली त्या दिवशी वरचा कारकून नक्की रजेवर होता!

तर रविवारी पुढे गळ्यात शिट्टी घालून काका, मध्ये पंधरा हौशी लोक, आणि सगळ्यांत मागे पंप सांभाळत काकू. काका पुढून थाप मारत, काकू मागून ती खोडून काढत. मोठ्या रस्त्याच्या वळणावर तर हे ठरलेलंच. काका सायकल लावून आवाज चढवत, "इथल्या राजकन्येचा एका झाडावर जीव होता. राजाने झाड तोडायला माणसं धाडली, तर पोरगी झाडाला मिठी मारून तीन दिवस बसली. शेवटी राजाने रस्ताच वळवला!" लोक हळहळत. मागून काकू ओरडत, "गटार! खालून मोठं गटार जातं, ते चुकवायला वळवलाय. कंत्राटदाराचं पत्र मी स्वतः वाचलंय!" पण सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, पेडल मारून माणूस गटार ऐकायला थोडाच येतो? काकूंकडे ढुंकूनही कुणी बघत नसे.

बरं, लोकांचं सोडा. उद्यान खात्याने एक दिवस त्या वळणावर चकचकीत फलक लावला, त्यावर ठळक अक्षरांत 'राजकन्येचं वळण' आणि खाली काकांची थाप, शब्दन् शब्द. काकू दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. काकांना ते दोन दिवस फार सुखाचे गेले म्हणतात.

मग यंदा काहीतरी बिनसलं. आधी दुकानाची किल्ली हरवली. त्यात काय, सगळ्यांचीच हरवते. मग काकांनी धड ट्यूबला ठिगळ लावलं, आणि थोड्या वेळाने त्या ठिगळावर आणखी एक. मागच्या रविवारी गोल तळ्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "आता कुठे जायचं?" लोकांना वाटलं, गंमत करतायत. पंधराच्या पंधरा जण हसले. काकू दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी त्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि वर एवढंच म्हणाले, की रविवारची फेरी काही झालं तरी बंद पडू देऊ नका. हा माणूस घरात बसला, की झपाट्याने हातचा जाईल.

आणि नेमका या रविवारी फेरीचा परवाना नवा करायचा होता. उद्यान खात्याच्या बाई वही घेऊन स्वतः फेरीला आल्या. सरकारी माणूस सायकलवर बसला म्हणजे प्रकरण गंभीरच समजायचं.

पहिल्या बागेच्या लोखंडी फाटकापाशी काकांनी दणकून सांगितलं, की हे वरचे भाले लढाईत शत्रूकडून हिसकावलेले आहेत. ते भाले मागच्या गल्लीतल्या कारखान्यात ओतलेले होते, ओतणाऱ्याची पावतीसुद्धा दप्तरात होती. काकूंचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याची थाप ऐकून इतकं बरं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. तळ्यापाशी काका जरा अडखळले, पण निभावलं.

मग वळण आलं. काकांनी सायकल लावली, शिट्टी तोंडातून काढली आणि गप्प उभे राहिले. लोक वाट बघत होते. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. काकू घाईघाईने पुढे आल्या आणि कानाशी पुटपुटल्या, "अहो, राजकन्या!"

"कसली राजकन्या?" काका मोठ्याने म्हणाले. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "इथे खालून गटार जातं. मोठं गटार. ते चुकवायला रस्ता वळवलाय. कंत्राटदाराचं पत्र आहे तसं."

बाईंनी फलक वाचला, मग काकांकडे पाहिलं. "काका, आमच्या फलकावर तर वेगळंच लिहिलंय."

"फलक चुकलाय," काका शांतपणे म्हणाले. "आमच्या हिने वाचलंय ते पत्र. दप्तरखान्यात होती ही. ही कधी खोटं बोलत नाही."

काकूंना भडभडून आलं. मेला हा माणूस अकरा वर्षं ऐकत होता तर! स्वतःची थाप धुऊन गेली, आणि पाठीवर फेकलेलं बायकोचं बोलणं तेवढं चिकटून राहिलं.

"काकू, तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "चुकीची माहिती देणाऱ्याला मला परवाना देता येत नाही." हे त्या त्याच फलकाला टेकून म्हणत होत्या.

काकूंनी एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"राजकन्याच होती," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पत्रबित्र काही नाही. मीच यांची चेष्टा करायचे."

काका त्यांच्याकडे वळले. वाद घालतील, निदान एकदा तरी डाफरतील, असं काकूंना वाटलं. देवा, डाफरू दे, असंच वाटलं.

"असं होय?" काका म्हणाले. "मग माझंच चुकलं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार."

चौतीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे काकांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं, आणि तेही त्या वळणावर पहिल्यांदाच खरं बोलले त्या दिवशी. बाईंनी परवान्यावर सही केली. काकांनी शिट्टी फुंकली, सगळ्या सायकली हलल्या. काकूंना मात्र काही केल्या पेडलवर पाय ठेवता येईना.