प्रबळगडावरची सहावी काच

मित्रांनो, सागवानी पेटी, चामड्याचा भाता आणि पुढे पितळी कड्यातलं भिंग, असा मी एक जुना कॅमेरा आहे. माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं पनवेलला, इक्बालभाईंच्या फोटोच्या दुकानात. नवी जोडपी, बारशाची बाळं, पेन्शनीत निघालेले मास्तर माझ्यापुढे श्वास रोखून बसत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

इक्बालभाईंच्या मनात मात्र डोंगर होते. मुंबईला छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. १९५१ सालच्या आश्विनात, पाऊस सरून हवा निवळल्यावर, ते मला घेऊन प्रबळगडाकडे निघाले. सोबत वाटेवरच्या नेरे गावचा शेतकरी बुधाजी आणि त्याची बायको भीमाबाई. मी बुधाजीच्या खांद्यावर, तर काचांची पेटी भीमाबाईच्या डोक्यावर. माझ्यात फोटो काचेवर उमटे, एका काचेवर एकच. पेटीत अशा सहा काचा होत्या. चढणीवर बुधाजी दोनदा घसरला, पण भीमाबाईच्या डोक्यावरची पेटी तसूभर हलली नाही.

सकाळी कड्यावर पोचलो, तर समोर नुसतं धुकं. ते जरा विरलं की इक्बालभाई घाई करत. अशा पाच काचा वाया गेल्या. मग ते कपाळाला हात लावून खडकावर बसले.

भीमाबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. बुधाजी चाचरत म्हणाला, "इक्बालभाई, डोंगर काय दिसत नाय. आमचा दोगांचा येक फोटू काढा ना. लग्नाला बारा वरसं झाली, येक पन नाय."

"का नाही? उभे राहा दोघं!" इक्बालभाई हसून म्हणाले.

भीमाबाईनं पदर सारखा केला. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिनं बुधाजीची बाही धरली. फोटोआधी नेम धरायला माझ्या पाठीला एक दुधी काच असते, तिच्यावर माणसं उलटी दिसतात. तशी उलटी दिसली तरी दोघं हसत होती, हे मला नीट दिसलं. इक्बालभाईंनी सहावी काच चढवली.

तेवढ्यात वारा सुटला. दोघांच्या मागचं धुकं फाटलं आणि कलावंतिणीचा सुळका कोवळ्या उन्हात लालसर उजळून निघाला.

"बाजूला व्हा! जल्दी!" इक्बालभाई ओरडले.

दोघं सरकली. काच डोंगराला गेली.

"पुढच्या वेळी पहिला फोटो तुमचा," इक्बालभाई म्हणाले.

"बरं," भीमाबाई म्हणाली, आणि तिनं पेटी डोक्यावर घेतली.

त्या फोटोला बक्षीस मिळालं. तो दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लागला. लोक इक्बालभाईंची वाहवा करत, मलाही हात लावून बघत. पुढच्या दिवाळीनंतर नेऱ्याला जायचं ठरलं होतं. लग्नसराई आली, ते राहून गेलं.

दोन वर्षांनी बुधाजी एकटाच दुकानात आला. श्रावणात भीमाबाई तापानं गेली होती.

"त्या दिशी आमी तुमच्यासमोर हुबी होतो," तो म्हणाला. "ती कुठंतरी आली असंल ना त्या फोटूत? कडंला, थोडीशी?"

इक्बालभाईंनी ती काच काढली. उजेडाकडे धरून, भिंग लावून कोपरान्‌ कोपरा तपासला. गवत होतं, खडक होता. सांगितल्याप्रमाणे ती अगदी पुरती बाजूला झाली होती. मी तिथेच तिपाईवर उभा होतो. मी तिला पाहिलं होतं, पण ते सांगणार कसं?

"माफ कर, बुधाजी," इक्बालभाई काच खाली ठेवत म्हणाले. "बस, तुझा तरी काढतो."

"येकट्याचा घेऊन काय करू?" म्हणत तो उठला. पुन्हा आला नाही.

इक्बालभाईंनी त्या दिवशी डोंगर भिंतीवरून उतरवला. पुढे ते मला घेऊन गव्हाणपासून नेऱ्यापर्यंत खेडोपाडी फिरले. माणसांचेच फोटो काढले. मग छोटे कॅमेरे आले. माझा भाता चिरला आणि मी कपाटावर गेलो. त्यांची लेक फहमिदा ईदच्या आधी तेवढी माझ्यावरची धूळ झटकते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगेनच. पण कुणी साधंसंच काही मागितलं, तर ते आधी देऊन टाका. इक्बालभाई वाईट नव्हते. त्यांना वाटलं, माणसं काय, पुन्हा भेटतील, डोंगर असा पुन्हा दिसायचा नाही. तो डोंगर दर आश्विनात अजून तसाच उजळतो.