देव्हाऱ्यातली चिठ्ठी

चूक माझीच. पण मला मेलीला जपानी कुठं येतंय!

गेल्या वर्षी लेकीकडे, अनुयाकडे, क्योतोला गेले होते. तिथं लाल कमानींच्या एका देवळात लोक डबा हलवून नंबराची काडी काढत होते आणि त्या नंबराची, देवाच्या कौलाची चिठ्ठी घेत होते. अनुया पाणी आणायला गेली तेवढ्यात मीही घेतली आणि पर्समध्ये टाकली. देवाघरचा कागद, फेकणार कुठं? पनवेलला आल्यावर लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवला. रोज हळदकुंकू, गुरुवारी फूल.

परवाच्या रविवारी अनुया तोमोयाला घेऊन घरी आली. तिच्याच क्योतोच्या ऑफिसातला, जपानी. दोघांना लग्न करायचंय. माझी ना नव्हती, पण आमचे हे आठ महिने नुसतं 'बघू' म्हणत होते. ह्यांचं 'बघू' म्हणजे नाहीच. अनुयानं मला फोनवर बजावलं होतं, "बाबा नाही म्हणाले तर नाही करणार. पण मग दुसऱ्या कुणाशीच नाही." माझा जीव टांगणीला.

पोरगं गुणी. आल्या आल्या स्वतःचे बूट सरळ लावले, आमच्या चपलासुद्धा लावल्या. पाच घावनं खाल्ली. ह्यांनी मात्र तोंडासमोरचा पेपर हलवला नाही. मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, देवाचाच कौल दाखवते! चिठ्ठी आणून त्याच्या हातात दिली. "वाच बाबा, मोठ्यानं वाच."

अनुयानं ती पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. डोळे मोठे करकरून त्याला खुणावायला लागली. तो घामाघूम.

"आई," एकेक मराठी शब्द जुळवत तो म्हणाला, "ही वाईट आहे. सगळ्यात वाईट."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "लग्नाचं काय लिहिलंय?"

"जमणार नाही, लिहिलंय."

अगं बाई! मला तर रडूच फुटलं.

"आई, वाईट चिठ्ठी तिथंच बांधून यायची असते गं," अनुया कळवळून म्हणाली, "देवाच्या हवाली करून! घरी आणतं का कुणी?" आणि मी वर्षभर तिची पूजा करत होते!

हे उठले. ऑफिसातून निवृत्त झाले तरी पंचिंग मशीन घरात आहेच. प्लॅस्टिकला भोक पाडलं, पूजेचा दोरा ओवला आणि म्हणाले, "चला."

आम्ही तिघं ह्यांच्यामागून वडाळे तलावाकडे निघालो. काठच्या वडाला वटपौर्णिमेचे दोरे अजून होते. तोमोया त्यांच्या देवळातल्या रीतीनं वडासमोर दोनदा वाकला, दोनदा टाळ्या वाजवून पुन्हा वाकला. मग दोरा बांधायला लागला. मला राहवेना. "अहो, देवच नाही म्हणतोय का हो?"

"देवाचं देव बघेल," हे म्हणाले. "घरात जपानी वाचणारी दोघंच. त्यातली एक डोळे मोठे करून खुणावत होती, पेपराआडून दिसलं मला. हा 'उत्तम' म्हणाला असता तर तू संध्याकाळी पेढे वाटले असतेस. स्वतःचं लग्न मोडत असताना पोरगा खरं बोलला, शशिकला. मला आणखी काय हवं?"

अनुया ह्यांच्या गळ्यातच पडली. तिच्या खांद्यावरून हे ओरडले, "गाठ घट्ट मारा, जावईबापू! नाहीतर तुमच्या सासूबाई पुन्हा घरी घेऊन येतील."