बासष्ट खटके

साडू हे नातं कोणी शोधून काढलं कोण जाणे! भाऊ असता तर भांडता आलं असतं, मित्र असता तर तोडून टाकता आलं असतं. साडूचं काहीच करता येत नाही. त्याची बायको आपल्या बायकोची बहीण, म्हणजे दर रविवारी एका टेबलावर जेवणं आलंच. त्यात पानेवाल्याचं नशीब असं, की त्याचा साडू त्याच्याच कामावर, त्याच्याच गाडीवर होता.

पानेवाला म्हणजे करमणूक बागेतल्या मोठ्या रोलर कोस्टरचा मेकॅनिक. वीस वर्षं तो रोज सकाळी सहाला रुळाच्या कडेचा जिना चढायचा, छोट्या हातोडीने एकेक बोल्ट ठोकून बघायचा आणि कान देऊन ऐकायचा. घट्ट बोल्टचा आवाज वेगळा, सैल बोल्टचा वेगळा. मग सात वाजता एक रिकामी फेरी, आणि सात दहाला दुसरी फेरी, जिच्यात शेवटच्या डब्यात तो स्वतः बसायचा. हाताची घडी घालून. लोक ज्या उतारावर देवाचा धावा करायचे तिथे हा जांभई द्यायचा.

साडूला सगळे भोंगा म्हणत. तो खाली फलाटावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून बटणं दाबायचा आणि माईकवर बडबडायचा. काम म्हणाल तर एवढंच. पण लोक उतरले की केस सावरत सरळ केबिनकडे जायचे आणि म्हणायचे, "काय मजा आणलीत हो!" वर्षातला उत्तम कामगार म्हणून भोंग्याचा फोटो कॅन्टीनमध्ये लागला होता, तोही नेमका पानेवाला रोज डबा खायचा त्या बाकासमोर. पानेवाल्याने जागा बदलून बघितली. तिथून तर तो आरशातही दिसायचा.

सगळ्यात जास्त जळायचं ते खटक्यांवरून. चढावर साखळी गाडीला ओढत नेते तेव्हा गाडीखालचा एक लोखंडी खटका रुळामधल्या दात्यांवर एकेक करून पडत जातो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ती सोय. खट्, खट्, खट्, माथ्यापर्यंत बरोबर बासष्ट वेळा. साखळी दुखणाईत आहे की ठणठणीत, हे पानेवाला त्या आवाजावरून सांगायचा. आणि भोंगा काय करायचा? गाडी चढायला लागली की माईक तोंडाशी धरून म्हणायचा, "मंडळी, हा खट् खट् आवाज ऐकताय ना? कसला आहे कुणास ठाऊक. कालपर्यंत तर येत नव्हता!" झालं! गाडीभर किंकाळ्या. अरे गाढवा, वीस वर्षं येतोय तो! पीठ दळायचं पानेवाल्याने आणि रेघोट्या ओढायच्या भोंग्याने.

तरी हे सगळं त्याने गिळलं होतं. गिळता आलं नाही ते त्या रविवारचं जेवण.

"ताई," भोंगा पानेवाल्याच्या बायकोला म्हणाला, "बागेच्या भिंतीला लागून राहतेस आणि इतक्या वर्षांत एकदा गाडीत बसली नाहीस? शनिवारी तुझा वाढदिवस ना? ये. पहिल्या डब्यात बसवतो."

"भीती वाटते हो भाऊजी."

"वाटणारच! वाटलीच पाहिजे. पोटातलं सगळं घशाशी येईल. मला शिव्या घालशील. आणि खाली आलीस की म्हणशील, पुन्हा एकदा!"

बायको हसली. पदर तोंडाला लावून नव्हे, चांगली खळखळून. "बरं," ती म्हणाली, "बसते."

पानेवाल्याने उचललेला घास परत ताटात ठेवला. बसते? त्याने किती वेळा विचारलं होतं! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, मग दर वाढदिवसाला. समजावून सांगितलं होतं, की अगं काही होत नाही, प्रत्येक बोल्ट माझ्या हातचा आहे, मांडीवरच्या दांड्याला दुहेरी कुलूप आहे, ब्रेक पाच ठिकाणी आहेत, घाबरण्यासारखं काही म्हणजे काही नाही. ती दर वेळी "नको बाई" म्हणायची आणि खिडकीतल्या शिलाई मशीनवर लोकांचे गणवेश शिवायला लागायची. त्याच्या सगळ्या आयुष्याची कमाई ती गाडी. तिच्यात बायकोने एकदा बसावं, खाली उतरून त्याच्याकडे बघावं, एवढीच त्याची हौस होती. आणि हा उपटसुंभ एका वाक्यात ती घेऊन गेला.

त्या रात्री त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. किंचाळेल ती. उतरेल, केबिनकडे जाईल आणि म्हणेल, काय मजा आणलीत हो भाऊजी!

दुसऱ्या दिवशी त्याला भांडारातलं खोकं आठवलं. गाडी बनवणाऱ्या कंपनीने फार पूर्वी रबराचे पट्टे पाठवले होते. दात्यांवर बसवले की खटका पडतो, अडकतो, सगळं काम चोख करतो, फक्त वाजत नाही. तेव्हा पानेवाल्यानेच अडवलं होतं. आवाज गेला तर साखळी मला कळणार कशी, म्हणाला होता. आता तो स्वतःहून मॅनेजरकडे गेला.

"साहेब, ते रबर बसवून टाकू म्हणतो. आजूबाजूचे लोक आवाजाची तक्रार करतात."

मॅनेजर चष्म्यावरून बघत राहिला. "तू? तू म्हणतोयस हे?"

"माणसाने काळाबरोबर बदलावं, साहेब."

शुक्रवारी बाग दुरुस्तीसाठी बंद असायची. पानेवाल्याने दिवसभर खपून पट्टे बसवले. कामात खोट ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. जळत होता तरी एकेक स्क्रू दोनदा तपासला, खटका हाताने शंभर वेळा पाडून बघितला. मॅनेजरने बघून सही केली. आता बडबड म्हणावं, कशावर बडबडतोस ते बघतो!

शनिवारी सात दहाची फेरी त्याने घेतली, तीही मॅनेजरला बटण दाबायला लावून; भोंग्याला आधी सुगावा लागायला नको होता. गाडी मुकाट्याने चढली. माथ्यावरून रोज त्याला भिंतीपलीकडे आपल्या चौथ्या मजल्याची खिडकी दिसायची, आणि ती रोज त्याच वेळी उघडायची. बायको वेळेची पक्की, चहाची वाफ जायला उघडत असणार, असं तो धरून चालला होता. आज खिडकी बंद होती. नटत असेल, तो मनात म्हणाला. साडूच्या गाडीत बसायचंय ना! आणि त्याने दात आवळले.

दहा वाजता ती आली. पानेवाला फलाटाच्या खांबाआड उभा राहिला. आपण दिसायचं नाही, फक्त भोंग्याची फजिती बघायची, असं त्याने ठरवलं होतं. बायको इकडेतिकडे मान वळवत होती. भोंग्याने तिला पहिल्या डब्यात बसवलं, दांडा खाली घेतला आणि गाडी सोडली.

"मंडळी, हा खट् खट् आवाज ऐकताय ना?" भोंगा माईकवर म्हणाला.

कसला आवाज नि कसलं काय. गाडी तेल लावल्यासारखी वर सरकत होती.

"हा... म्हणजे... आवाज..." भोंगा अडखळला. "चालू आहे ना हो गाडी?"

रांगेतले लोक हसले. पानेवाल्याच्या काळजाला इतका गारवा वाटला, की काय सांगावं! भोंग्याने माईक खाली ठेवला. गाडी माथ्यावर पोचली, क्षणभर थांबली, आणि कोसळली. तेवीस माणसं एका सुरात किंचाळली. चोविसावा आवाज मात्र पानेवाल्याला कितीही कान दिले तरी सापडला नाही.

गाडी फलाटाला लागली. लोक हसत, धडपडत उतरले. बायको उतरली नाही. दांडा वर गेला तरी तिचे हात त्याच जागी मुठी वळून होते.

"ताई? झालं ना. उतर." भोंगा घाबरून धावत आला.

"हे कुठे आहेत?" तिने विचारलं.

पानेवाल्याला खांबाआडून बाहेर यावंच लागलं. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "आहात," ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

उतारावर एक कॅमेरा आहे, तो सगळ्यांचे फोटो काढतो. फोटोवाल्या बाईने पानेवाल्याला प्रिंट फुकट दिली. तेवीस तोंडं उघडी, डोळे मिटलेले. पहिल्या डब्यात त्याची बायको, तोंड घट्ट बंद, डोळे टक्क उघडे, आणि ती समोर बघतच नव्हती. वाकून खाली, कडेच्या जिन्याकडे बघत होती. जिथे तो रोज सकाळी असायचा, तिथे.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती मशीनवर बसली होती. पायडल थांबवलं नाही.

"सकाळी खटके वाजले नाहीत," ती म्हणाली.

"तुला इथे ऐकू येतात?"

"रोज मोजते. सात दहाच्या फेरीचे बासष्ट झाले की खिडकी उघडते. म्हणजे तुम्ही वर पोचलात."

"मला वाटायचं, वाफ जायला उघडतेस."

"वीस वर्षं वाफच जातेय का?" मशीन थांबलं. "आज वाजले नाहीत. तुम्हाला फोन केला, तुम्ही कामावर उचलता कधी! भाऊजींना केला. ते म्हणाले, इथेच असेल कुठेतरी, तू ये. आले तर तुम्ही नाही. म्हटलं, वर गेल्यावर जिन्यावर तरी दिसाल. आणि वर जाताना आवाजच नाही. लग्न झालं तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत, खटका वाजतोय तोवर गाडी मागे येत नाही."

"अगं पण काही होत नव्हतं! रबर लावलंय फक्त. घाबरण्यासारखं काही..."

"तुमचं हे एक पालुपद! काहीच होत नसेल तर बसायचं कशाला? भाऊजी म्हणाले भीती वाटेल, म्हणून तर हो म्हटलं. तुमच्या खटक्यांचा आवाज खाली असेल आणि वर मी खुशाल घाबरेन, ओरडेन, असं ठरवलं होतं मी. खोटी भीती हवी होती मला. तुम्ही खरी दिलीत." तिने दोरा दाताने तोडला. "रबर का लावलंत?"

"शेजारपाजारचे लोक तक्रार करतात."

"भिंतीला लागून आपलंच घर आहे. मी कधी तक्रार केली?"

पानेवाला दारातल्या चपला उगाच सरळ करत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं, आणि कळलंय हे त्यालाही कळलं होतं. लाजेने त्याला मान वर करवेना. तरीसुद्धा आत कुठेतरी मत्सराचा कोळसा धुमसतच होता. फोन भोंग्याने उचलला. भोंग्यानेच उचलला.

दिवसभरात चार जणांनी गाडी बिघडलीय का म्हणून विचारलं होतं, त्यामुळे मॅनेजरही वैतागलेला. "लावलंस तूच, काढ तूच," तो म्हणाला. पानेवाला रविवारी दोन तास आधी गेला आणि सगळे पट्टे उपटून खोक्यात भरले. बोल्ट तपासले. सातची रिकामी फेरी झाली. सात दहाला तो शेवटच्या डब्यात बसला.

खट्. खट्. खट्. त्याने जन्मात पहिल्यांदा ते साखळीसाठी नव्हे, खिडकीसाठी मोजले. साठ, एकसष्ट, बासष्ट. गाडी माथ्यावर आली. खिडकी बंद.

उघड. अगं उघड ना!

गाडी कोसळली. हाताची घडी सुटली, दोन्ही हातांनी त्याने दांडा धरला आणि वीस वर्षांत आला नव्हता तो आवाज त्याच्या तोंडून बाहेर पडला. गाडी लागली तसा तो उतरला.

फलाटावर भोंगा फोनवर बोलत होता. "हो ताई, आला खाली. धडधाकट आहे. ओरडला मात्र जोरात, मी ऐकलं ना."

"तिने तुला का केला फोन?" पानेवाल्याने विचारलं.

भोंग्याचा चेहरा ओशाळला. "रोज करणार म्हणते. खटक्यांचा आता भरवसा नाही म्हणे, कधीही बंद करतील. मी काय करू साडूभाऊ? नाही म्हणू?"

पानेवाल्याला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण कशावरून ओरडणार? आपलं लग्न त्याने स्वतःच्या हाताने, स्क्रू दोनदा तपासून, भोंग्याच्या फोनला नेऊन जोडलं होतं. त्याने हात पुढे केला. भोंग्याने फोन दिला.

काही होत नाही, हे वाक्य सवयीने ओठावर आलं. त्याने ते मागे ढकललं.

"वर असताना भीती वाटली," तो म्हणाला.

पलीकडे मशीन थांबल्याचं त्याने ऐकलं. "तुम्हाला? कशाची?"

"खिडकी उघडली नाही त्याची."

भोंगा उगाच केबिनची काच पुसत उभा होता.

"उद्या वाजवा," ती म्हणाली. "मग बघते. आणि फोन भाऊजींना परत द्या, मला त्यांना आणखी एक सांगायचंय."